रंगाआधीची रेघ : वेबवर चालणारं वायरफ्रेम-साधन घडवताना

बऱ्याच वेबसाइट्स कोडची पहिली ओळ लिहिण्याआधीच बिघडलेल्या असतात. कोणत्या पानावर काय असावं, आलेल्या माणसाला आधी काय दिसावं, अर्जाचं बटण कुठे असावं, हे कुणी ठरवलेलंच नसतं. ते आपोआप ठरत जातं : डिझायनरच्या सवयीनं, मागच्या कामाची नक्कल म्हणून, नाहीतर ग्राहकाला एखादा रंग आवडला म्हणून. हे निर्णय वेळेवर आणि सगळ्यांदेखत व्हावेत यासाठी वायरफ्रेम असते. ती झटपट काढता यावी, तितक्याच सहज पुसता यावी आणि दुसऱ्याला दाखवता यावी, यासाठी ब्राउझरमध्ये चालणारं साधन कसं घडवायचं, हा या पुस्तकाचा विषय आहे.

वायरफ्रेम म्हणजे वेबपानाची रंगाआधीची आखणी. चौकोन, रेघा, एक-दोन करड्या छटा आणि मजकूर एवढाच तिचा संसार. फोटोच्या जागी फुली मारलेला चौकोन, बटणाच्या जागी चौकटीत एक शब्द. घर बांधताना पाया खणण्याआधी मोकळ्या जागेवर फक्की मारतात. घरमालक त्या पांढऱ्या रेघांमधून चालून पाहतो आणि म्हणतो, स्वयंपाकघर जरा लहान वाटतंय. त्या घडीला भिंत सरकवायला पैसे पडत नाहीत. पायानं रेघ पुसायची आणि दुसरी मारायची. वेबसाइटच्या कामात ही सोय वायरफ्रेम करून देते.

समजा, तालुक्याच्या गावातल्या एखाद्या पतसंस्थेची वेबसाइट करायची आहे. संचालक मंडळासमोर रंगीत, सजवलेलं पान ठेवलं, तर चर्चा बोधचिन्हाच्या आकाराची आणि अध्यक्षांच्या फोटोची होते. त्याच मंडळासमोर नुसत्या चौकटी ठेवल्या की प्रश्न बदलतात. ठेवींचे व्याजदर इतके खाली का? कर्जासाठी लागणारी कागदपत्रं कुठे दिसणार? शाखांचे फोन नंबर पहिल्याच पानावर नकोत का, लोक तर त्यासाठीच येतात! वेबसाइट उपयोगी ठरणार की नाही, हे अशा प्रश्नांवर ठरतं. तयार दिसणाऱ्या चित्राबद्दल माणूस आवडलं-नावडलं एवढंच बोलतो. कच्च्या चित्रात मात्र तो हात घालतो.

जेसी जेम्स गॅरेट यांनी 2000 साली एका आकृतीत आणि 2002 साली ‘द एलिमेंट्स ऑफ यूजर एक्स्पीरियन्स’ या पुस्तकात वेबसाइटच्या घडणीचे पाच थर मांडले. तळाशी उद्दिष्ट, त्यावर व्याप्ती, मग रचना, मग सांगाडा आणि सगळ्यात वर दर्शनी पृष्ठभाग. वायरफ्रेमची जागा सांगाड्याच्या थरात, म्हणजे पृष्ठभागाच्या एक पायरी आधी. खालचा थर पक्का नसताना वरच्याला हात घातला, तर पुढे दोन्ही मोडावे लागतात. ज्यांनी ही जागा दाखवून दिली त्याच गॅरेट यांनी फेब्रुवारी 2005 मध्ये एका लेखात ‘एजॅक्स’ हे नाव रूढ केलं. पान पुन्हा लोड न करता मागच्या मागे सर्व्हरशी बोलण्याच्या त्या पद्धतीमुळेच ब्राउझरमध्ये खऱ्या अर्थानं कामाची साधनं चालू शकली. आपल्या विषयाची दोन्ही टोकं अशी एकाच माणसाच्या कामाला जोडलेली आहेत.

त्याआधीची वाट मात्र बरीच लांबून येते. 1963 साली एमआयटीमध्ये आयव्हन सदरलंड यांनी टीएक्स-2 या संगणकासाठी ‘स्केचपॅड’ लिहिलं. पडद्यावर प्रकाशलेखणीनं रेघ ओढायची, दोन रेघा समांतर राहाव्यात अशी अट घालायची, एका मूळ आकृतीच्या हव्या तितक्या प्रती ठेवायच्या आणि मूळ बदललं की सगळ्या प्रती बदलताना पाहायच्या, हे सगळं त्यात होतं. आज बारा पानांच्या वायरफ्रेममध्ये वरची मेनूपट्टी एकदाच काढून सगळीकडे वापरता येते, ती कल्पना तिथूनच आली आहे. या पुस्तकातलं मूळ आकृती आणि तिच्या प्रती यांवरचं प्रकरण लिहिताना मी पुन्हा पुन्हा स्केचपॅडकडे वळलो आहे. साठ वर्षांपूर्वीचा हा विचार आजही पुरून उरतो.

वेबसाइट्सचं पीक आलं तेव्हा डिझायनर कागद-पेन्सिल, व्हिजिओ आणि पॉवरपॉइंट यांवर काम भागवत होते. 2003 च्या सुमारास ‘ॲक्शर’ आलं आणि चौकोनांना दुवे जोडून क्लिक करता येईल असा नमुना बनवता येऊ लागला. 2008 साली ॲडोबीमधली नोकरी सोडलेल्या जाकोमो गुइलिझ्झोनी यांनी ‘बाल्सामिक’ बाजारात आणलं. त्याच्या रेघा मुद्दाम वेड्यावाकड्या होत्या, अक्षरं हातानं लिहिल्यासारखी. पाहणाऱ्याला पहिल्या क्षणी कळावं की हे अजून ठरलेलं नाही, यात बदल सुचवायला हरकत नाही. त्याच काळात ‘पेन्सिल’ हे मुक्त-स्रोत साधन फायरफॉक्सचं विस्तारक म्हणून उपलब्ध झालं. 2012 साली डिलन फील्ड आणि इव्हान वॉलेस यांनी ‘फिग्मा’ सुरू केली. 2016 मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली आणि एकाच पानावर अनेकांनी एकाच वेळी काम करणं ही रोजची गोष्ट बनली. 2020 च्या जानेवारीत आलेल्या ‘एक्सकॅलिड्रॉ’नं हाती काढलेल्या रेघेचं रूप पुन्हा लोकप्रिय केलं, तेही मुक्त-स्रोत आणि थेट ब्राउझरमध्ये.

एवढी साधनं असताना आणखी एक घडवायचं कशाला, हा प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं. साधन वापरणाऱ्याला त्यातल्या सोयी दिसतात. घडवणाऱ्याला प्रत्येक सोयीमागचा निर्णय दिसतो. वायरफ्रेमचं साधन स्वतः घडवलेला माणूस पुढे कोणतंही साधन अधिक समजून वापरतो, आणि आपल्या भाषेत, आपल्या ग्राहकांसाठी नेमकं काय कमी पडतं हेही त्याला कळतं. शिवाय प्रोग्रामिंग शिकणाऱ्यासाठी इतका भरलेला विषय क्वचित सापडतो. भूमिती, विदा-रचना, मजकुराची मांडणी, नेटवर्क आणि माणसाच्या हाताच्या सवयी, सगळं यात एकत्र येतं.

या पुस्तकाचा गाभा एका वाक्यात सांगायचा तर असा : वायरफ्रेमच्या साधनानं चित्र पूर्ण होऊ देता कामा नये. हे बोलायला सोपं आणि पाळायला फार कठीण आहे. साधन लोकांच्या हाती गेलं की मागण्या येतात. थोडा रंग द्या, सावली द्या, फॉन्ट निवडू द्या, कोपरे गोल करू द्या. एकेक मागणी योग्यच वाटते. पण सगळ्या मान्य केल्या की ते साधन हळूहळू चित्र सजवण्याचं साधन होतं आणि पतसंस्थेच्या बैठकीतली चर्चा पुन्हा फोटोच्या आकारावर येते. म्हणून काय द्यायचं याच्या बरोबरीनं काय द्यायचं नाही, याचा विचार इथे प्रत्येक प्रकरणात केला आहे. तीन करड्या छटा, दोन जाडीच्या रेघा, मजकुराचे तीन आकार. एवढ्यात कोणत्याही पानाची रचना मांडता येते.

कच्चेपणा टिकवायलाही नेटकं काम लागतं. हाती काढल्यासारखी रेघ काढायची म्हणजे सरळ रेघेच्या टोकांना आणि मध्याला थोडा यादृच्छिक हेलकावा द्यायचा. पण पडदा दर वेळी नव्यानं रंगवला जातो. प्रत्येक वेळी नवा हेलकावा दिला, तर चौकोन सरकवताना त्याच्या कडा सतत थरथरताना दिसतात आणि डोळ्यांना त्रास होतो. यावरचा उपाय म्हणजे प्रत्येक आकृतीला जन्मतःच एक बीजसंख्या द्यायची, ती आकृतीबरोबर साठवायची आणि हेलकावे तिच्यावरूनच काढायचे. मग रेघ वेडीवाकडी राहते, पण प्रत्येक वेळी तशीच, प्रत्येकाच्या पडद्यावर तशीच. एक्सकॅलिड्रॉ हेच करतं.

चौकोन एका जागेवरून दुसऱ्या जागी नेणं ही या साधनातली सगळ्यात साधी क्रिया. ती जवळून पाहिली की कामाचा खरा अंदाज येतो. माउस दाबला की त्या बिंदूखाली कोणती आकृती आहे हे शोधायचं; एकावर एक असतील तर सगळ्यात वरची. चौकोन आतून पोकळ असेल, तर आत क्लिक केल्यावर तो निवडायचा की त्याच्या मागचा, हे ठरवायचं. कडा एक पिक्सेलची असते आणि ती नेमकी पकडणं हाताला जमत नाही, म्हणून दोन्ही बाजूंना चार-पाच पिक्सेलची सूट द्यायची. आणि ही सूट पडद्याच्या मापात मोजायची, नाहीतर झूम कमी केल्यावर काहीच हाती लागत नाही. माउस हलला की पहिले दोन-तीन पिक्सेल सोडून द्यायचे, कारण नुसतं क्लिक करतानाही हात हलतो. मग शेजारच्या चौकोनांच्या कडा आणि मध्यरेषा तपासून, जवळ आली की आकृती तिथे चिकटवायची. माउस ब्राउझरच्या खिडकीबाहेर गेला तरी पकड सुटू द्यायची नाही. मध्येच एस्केप दाबलं तर सगळं मूळ जागी. माउस सोडला की या साऱ्या प्रवासाची अनडूच्या यादीत एकच नोंद. वापरणाऱ्याला यातलं काही जाणवू नये. त्याला वाटावं की चौकोन हातानं उचलला आणि ठेवला.

आकृती पडद्यावर काढायच्या कशा, यावर तरुण प्रोग्रामरांमध्ये बराच वाद चालतो. एसव्हीजी 2001 पासून प्रमाणित आहे. त्यात प्रत्येक आकृती ब्राउझरला स्वतंत्र ओळखू येते, त्यामुळे क्लिक कशावर झाला हे तोच सांगतो. 2004 साली ॲपलनं आणलेल्या कॅनव्हासमध्ये नुसते पिक्सेल रंगवले जातात. वेग मिळतो, पण ओळख ठेवण्याचं सगळं काम आपल्यावर येतं. फिग्मानं त्याही पुढे जाऊन वेबजीएल वापरलं, कारण तिथल्या फाइलींत हजारो थर असतात. वायरफ्रेमच्या एका पानावर फार तर काही शे आकृती असतात. तेवढ्यासाठी एसव्हीजी पुरेसं आहे, आणि म्हणून या पुस्तकातलं साधन एसव्हीजीवर उभं आहे. दुसऱ्या मोठ्या कंपनीनं जे केलं ते का केलं हे समजून न घेता तसंच करायचं, हा आपल्या धंद्यातला जुना दोष आहे. तो टाळता यावा म्हणून प्रत्येक निवडीमागचं कारण मी सविस्तर दिलं आहे.

मजकुरावरचं प्रकरण या पुस्तकात सगळ्यात मोठं आहे, आणि त्याला कारण आहे. बहुतेक साधनं रोमन लिपी गृहीत धरून बनलेली असतात. रिकाम्या जागी भरायला ती ‘लोरेम इप्सम’ देतात, म्हणजे सिसेरोच्या इ.स.पू. 45 मधल्या ग्रंथातली मोडतोड केलेली लॅटिन वाक्यं. मराठी वेबसाइटच्या वायरफ्रेममध्ये तो मजकूर भरणं ही निव्वळ फसवणूक आहे. त्याला वर वेलांटी-मात्रा नाहीत, खाली उकार नाहीत, शिरोरेघ नाही. लॅटिनसाठी पुरलेलं दोन ओळींमधलं अंतर देवनागरीला अपुरं पडतं आणि वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफाराला भिडतो. अक्षरांमध्ये अंतर वाढवण्याची रोमन शीर्षकांत शोभणारी पद्धत इथे शिरोरेघेचे तुकडे करते. मोठ्या लिपीची अक्षरं वापरून ठसठशीतपणा आणावा, तर देवनागरीत लहान-मोठी अक्षरंच नाहीत.

मेनूतला ‘मुख्यपृष्ठ’ हा एक शब्द घ्या. वाचणाऱ्याला त्यात मु, ख्य, पृ, ष्ठ अशी चार अक्षरं दिसतात. युनिकोडमध्ये ती दहा चिन्हं आहेत आणि जावास्क्रिप्टला लांबी विचारली तर उत्तर दहाच मिळतं. शब्द चौकटीत मावत नाही म्हणून सातव्या चिन्हावर तोडला आणि पुढे तीन टिंबं दिली, तर ‘मुख्यपृ’ उरतं, ते एक वेळ चालेल. नवव्यावर तोडला तर ‘मुख्यपृष्’ असा लंगडा शब्द पडद्यावर येतो. जोडाक्षर एकसंध धरावं हा नियम अक्षरसमूहांच्या युनिकोड प्रमाणात 2023 च्या 15.1 या आवृत्तीत आला. तोवर प्रमाणाप्रमाणे चालणारा कार्यक्रमही ‘ख्य’चे दोन तुकडे करत असे. रुंदी मोजतानाही तेच : ‘ख’ आणि ‘य’ यांच्या रुंदींची बेरीज ‘ख्य’ची रुंदी नसते, म्हणून मोजायचं ते अख्ख्या शब्दाला.

कीबोर्डचीही एक गोष्ट सांगायला हवी. चौकोन काढण्यासाठी ‘आर’ दाबायचं, असा शॉर्टकट पुष्कळ साधनांत असतो. इनस्क्रिप्ट कीबोर्ड चालू असताना त्याच कळीतून दीर्घ वेलांटी येते आणि शॉर्टकट मुका होतो. कळीतून आलेलं अक्षर न तपासता कळीची जागा तपासली, की एका ओळीत हा प्रश्न सुटतो. मराठीत लिहिणाऱ्या माणसाला दर पाच मिनिटांनी कीबोर्ड बदलायला लावणारं साधन मी मराठी डिझायनरच्या हाती देऊ इच्छित नाही. तंत्रज्ञान कमी पडल्यामुळे अशा अडचणी येत नाहीत. घडवताना समोर मराठी माणूस धरलेला नसतो, म्हणून येतात.

साधन वेबवर का हवं, याचं उत्तर ग्राहकाच्या हातातल्या फोनमध्ये आहे. नाशिकच्या डिझायनरनं काढलेली आखणी कऱ्हाडच्या व्यापाऱ्यानं पाहायची तर त्यानं काही उतरवून घ्यावं, खातं उघडावं अशी अपेक्षा धरणं चूक आहे. दुवा पाठवला, त्यानं बोट ठेवलं, पान उघडलं, एवढ्यातच व्हायला हवं. आणि जे उघडेल ते फोनच्या रुंदीचं असावं. ईथन मार्कॉट यांनी 2010 च्या मे महिन्यात पडद्यानुसार बदलणाऱ्या मांडणीची कल्पना मांडली, तेव्हापासून एकाच रुंदीची वायरफ्रेम अपुरी ठरली आहे. म्हणून आपल्या साधनात मजकूर एकदाच साठवला जातो आणि त्याच्या मांडण्या दोन असतात, एक अरुंद आणि एक रुंद. ग्राहकाची सूचना पानावरच्या एखाद्या बिंदूला न जोडता त्या आकृतीला जोडली जाते. आकृती हलली तर सूचनाही तिच्याबरोबर जाते.

दोघांनी एकाच वेळी काम करताना काय होतं, हा प्रश्न संगणकशास्त्रात जुना आहे. एलिस आणि गिब्ज यांनी 1989 साली त्यावर पहिली महत्त्वाची पद्धत मांडली. 2011 च्या सुमारास परस्परविरोध आपोआप मिटवणाऱ्या विदा-रचनांचा सिद्धान्त नीट बांधला गेला. वायरफ्रेमसाठी मात्र फिग्मानं 2019 मध्ये समजावून सांगितलेली साधी वाट पुष्कळदा पुरते. प्रत्येक आकृतीचा प्रत्येक गुणधर्म वेगळा धरायचा आणि सर्व्हरकडे शेवटी पोचलेला बदल खरा मानायचा. एकानं बटणाची रुंदी बदलली आणि दुसऱ्यानं त्यावरचा शब्द, तर दोन्ही बदल टिकतात. कोण कुणाच्या वर हा क्रम अपूर्णांकांत ठेवायचा. एक आणि दोन यांच्यामध्ये काही घालायचं तर त्याला दीड द्यायचा, बाकीच्यांना हलवायचं कारण नाही. आणि अनडू दाबल्यावर फक्त माझा बदल मागे जावा, सहकाऱ्याचा कधीच नाही. या शेवटच्या नियमासाठी जितकी मेहनत लागते तितकी इतर कशालाच लागत नाही, म्हणून त्याला एक संपूर्ण प्रकरण दिलं आहे.

फाइलीबद्दल एक आग्रह. बाल्सामिकची पहिली आवृत्ती फ्लॅशच्या कुळातल्या तंत्रावर होती. 31 डिसेंबर 2020 रोजी ॲडोबीनं फ्लॅशचा आधार थांबवला आणि त्या कुळातली असंख्य साधनं पडली. बाल्सामिक मात्र तोवर नव्यानं लिहून झालं होतं. तंत्र जातं, लोकांचं काम राहायला हवं. म्हणून आपली फाइल साध्या मजकुराच्या रूपात, कुणालाही उघडून वाचता येईल अशी आहे, आणि ती वापरणाऱ्याला हवी तेव्हा उतरवून घेता येते.

ज्याला एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्ट यांची बऱ्यापैकी ओळख आहे, अशा वाचकासाठी हे पुस्तक आहे. पहिल्या भागात आकृती आणि हालचाल, दुसऱ्यात मजकूर, तिसऱ्यात साठवण आणि सहकार्य, चौथ्यात ग्राहकासमोर मांडणी. डिझायनरांनी पहिला आणि चौथा भाग आधी वाचला तरी चालेल. पण प्रोग्रामरांनी चौथा भाग गाळू नये. आपण कुणासाठी घडवतो आहोत हे तिथेच कळतं. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी साधन चालू स्थितीत असेल अशी मांडणी ठेवली आहे, त्यामुळे अर्ध्यावर थांबलात तरी हाती काहीतरी वापरण्याजोगं राहील.

आज दोन वाक्यांचं वर्णन दिलं की अख्खं रंगीत पान काढून देणाऱ्या प्रणाली आल्या आहेत. मग आखणीची गरजच काय, असं कुणी विचारेल. मला उलट वाटतं. तयार दिसणारं पान पूर्वी आठवड्यानं मिळत असे आणि त्या मधल्या काळात निदान विचार तरी होत असे. आता ते क्षणात मिळतं आणि ठरवण्याआधीच सगळं ठरल्यासारखं दिसू लागतं. पतसंस्थेच्या ठेवीदाराला व्याजदर कुठे हवेत, हे त्या प्रणालीला माहीत नसतं. ते शाखेत बसणाऱ्या कारकुनाला माहीत असतं, आणि त्याला विचारायला, त्याचं उत्तर लगेच रेघेत उतरवायला एक साधं साधन लागतं. ते मराठीत नीट चालावं, जुन्या संगणकावरही उघडावं आणि घडवणाऱ्याला त्याची प्रत्येक ओळ समजलेली असावी, यासाठी हा खटाटोप आहे. वाचकांनी हे साधन घडवावं, आपल्या कामाप्रमाणे बदलावं, आणि त्यात नवं काही घालण्याआधी स्वतःला एकच विचारावं : यानं समोरचा माणूस रचनेबद्दल जास्त बोलेल की कमी?